आवाज कधी येतो?

यंत्राचा आवाज वाढला की घरात पहिला प्रश्न निघतो तो, "कुठून येतोय?" मग कोणी फ्रीजमागे वाकतं, कोणी वॉशिंग मशीनला कान लावतं. गाडीत असलो तर मागच्या सीटवरचे डिकीकडे बोट दाखवतात आणि पुढचे डॅशबोर्डकडे. मला हा प्रश्न कायम दुसऱ्या नंबरचा वाटत आला आहे. आवाज पत्र्यातून, पाइपातून, भिंतीतून लांबवर जातो. निघतो एकीकडे आणि ऐकू येतो भलतीकडेच. खालच्या पंपाची घरघर तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात अशी घुमते, की पंप तिथंच बसवलाय असं वाटावं. म्हणून आधी विचारायचं, "कधी येतो?" सुरू करताना, की चालू असताना? गार असताना, की तापल्यावर? वेग वाढवला की वाढतो, की आपल्याच चालीनं चालू राहतो? एवढं कळलं की 'कुठून'चं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या पाठोपाठ येतं.

हे मी अण्णांकडून शिकले. माझे वडील नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात होते. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू मोटरच्या बेअरिंगच्या, म्हणजे फिरता दांडा पेलणाऱ्या गोळ्यांच्या कड्याच्या, घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. शेजारी प्रेस चालू असो वा कॉम्प्रेसर, त्या एका बेअरिंगचा आवाज हाडातून थेट आत येतो. चांगलं बेअरिंग नुसतं गुणगुणतं. ग्रीस सुकलेलं बेअरिंग किरकिरतं. आतल्या गोळीला किंवा रिंगेला खड्डा पडला असेल तर खरखर येते, आणि ती ठरावीक अंतरानं येते. ही कसरत घरी करायची असेल तर केस बांधलेले हवेत, ओढणी-पदर खोचलेला हवा आणि फिरणाऱ्या भागापासून हात लांब हवा. बेल्टच्या आसपास तर करूच नये.

गाडीच्या एसीवर 'कधी' हा प्रश्न सगळ्यात चांगला चालतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

मे महिन्यात आमच्या गाडीतून असा आवाज येऊ लागला, की रेडिओ लावूनही दबेना. अंबडला ज्यांच्याकडे आम्ही गाडी नेतो त्या मिस्त्रींनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मला म्हणाले, "ताई, इंजिन बंद करा. आता फक्त चावी ऑन करा आणि ब्लोअर एकवर ठेवा." आवाज आला, बारीक, फडफडल्यासारखा. "आता दोन. आता चार." प्रत्येक आकड्याला फडफड वाढत गेली. इंजिन बंद होतं, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारे बेल्ट, पुली यांचा प्रश्नच मिटला. राहिला एकटा ब्लोअर. ग्लोव्ह बॉक्सचे दोन बाजूंचे कान आत दाबून त्यांनी तो खाली सोडला, मागची केबिन फिल्टरची जाळी ओढून काढली आणि टॉर्च मारला. जाळीवर धुळीचा थर होता आणि कडुनिंबाच्या सुकलेल्या काड्या अडकल्या होत्या. जाळीच्या कडेनं त्यातल्या काही पलीकडे उतरल्या होत्या आणि पंख्याच्या पात्यांवर आपटत होत्या. आम्ही गाडी लावतो ती झाडाखाली. पुढच्या काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते तिथूनच एसीची बाहेरची हवा आत येते, आणि झाडाचं जे काही काचेवरून घसरतं ते तिथं जमतं. पावसाळ्यात याच जागेत उंदीर घर करतात. तेव्हा आवाजाच्या आधी वास येतो.

ब्लोअरचा संबंध नसता तर मिस्त्रींची पुढची पायरी होती इंजिन सुरू करून एसी बंद ठेवणं. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरची पुली बेल्टवर असते आणि इंजिन चालू आहे तोवर ती फिरतच असते, एसी लावलेला असो वा नसो. त्यामुळे एसी बंद असतानाही घरघर आहे आणि ॲक्सिलरेटरबरोबर ती चढते-उतरते, तर संशय पुलीच्या बेअरिंगवर, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर किंवा बेल्टवर घ्यायचा. यासाठी कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते, आणि खर्चात या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग एसीचं बटण दाबायचं. 'टक्' असा एक आवाज होतो. तो क्लचचा. चुंबकाच्या ओढीनं क्लचची चकती पुलीला चिकटते आणि इथून पुढे कॉम्प्रेसर खरा फिरू लागतो. हा 'टक्' चांगला आहे. त्याच वेळी रेडिएटरपुढचा पंखाही बहुधा सुरू होतो, म्हणून तो आवाज वेगळा काढावा लागतो. 'टक्' झाल्याबरोबर जर खडखड किंवा कण्हल्यासारखा आवाज सुरू झाला आणि एसी बंद करताच थांबला, तर दुखणं कॉम्प्रेसरच्या पोटात आहे. 'टक्' झाल्यावर क्षणभर किंचाळी फुटली तर बेल्ट घसरतोय. कॉम्प्रेसरचं ओझं अचानक अंगावर येतं, आणि ढिला किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट ते पेलू शकत नाही.

बेल्टची एक जुनी परीक्षा गॅरेजमध्ये अजून चालते. ती मिस्त्रींनीच करावी. चालू बेल्टच्या आतल्या बाजूवर स्प्रेनं थोडं पाणी मारायचं. आवाज थोडा वेळ गेला तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर बेल्टचा ताण कमी पडतोय. मला ही परीक्षा फार आवडते. पाव कप पाण्यात दोन वेगळी दुखणी वेगळी होतात.

आणि 'टक्' वारंवार होत असेल तर? दर काही सेकंदांनी टक्, सुरू, टक्, बंद? गॅस कमी झाला की दाब उतरतो, कमी दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, दाब जरा सावरला की परत सुरू करतो. इथं माणसं हमखास "गॅस भरून द्या" म्हणतात आणि गॅरेजवाले भरून देतात. पण गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळाला, आणि तो गळताना सोबत थोडं थोडं तेलही नेतो. कॉम्प्रेसरला वंगण मिळतं ते त्याच गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलाचं. गळती न शोधता वर्षानुवर्षं गॅस भरत राहिलं तर एके दिवशी कॉम्प्रेसर आतून कोरडा पडून खडखडतो. तरीही चालवला तर आतला धातू झिजून त्याचा कीस पुढे गॅस गार करणाऱ्या कंडेन्सरपर्यंत, त्याचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत जातो. मग नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, पूर्ण लाइन धुवावी लागते आणि कधी कधी कंडेन्सरही जातो. म्हणून कॉम्प्रेसरची खडखड ऐकू आली तर घाम आला तरी चालेल, एसी बंद करून खिडक्या खाली घ्याव्यात.

गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डामागून थोडा वेळ 'फुस्स' येतं, ते मात्र निर्धास्त सोडून द्यावं. चढ-उतार झालेले दाब एकसारखे होत असतात.

घरात आलं की आवाजांचा मूळ सूर बदलतो, कारण इथं सगळं विजेवर. आपली वीज सेकंदाला 50 वेळा मागे-पुढे होते आणि मोटरमधलं, ट्रान्सफॉर्मरमधलं लोखंड दर वेळी दोनदा ओढलं जातं. त्यामुळे त्यांची गुणगुण 100 हर्ट्‌झची असते. माझी धाकटी बहीण गाणं शिकलेली. तिनं पेटीवर ताडून दाखवलं होतं, की हा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळ, किंचित वर आहे. आता ती अमेरिकेत असते. तिथं वीज 60 हर्ट्‌झची, म्हणून तिच्या फ्रीजची गुणगुण 120 वर, काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठंतरी. रियाजाला बसली की ती आधी फ्रीजपासून लांबची खोली शोधते. हा सूर ओळखता येऊ लागला की एक मोठी विभागणी झटक्यात होते. अखंड, एकाच सुरातली गुणगुण असेल तर ती विजेची. फिरण्याबरोबर सूर किंवा ठोका बदलत असेल तर बिघाड फिरणाऱ्या भागात.

छताचा पंखा घ्या. पाचवर शांत चालतो आणि दोनवर-तीनवर आणला की गुणगुणतो, तर पंखा निर्दोष असण्याची शक्यता खूप आहे. जुन्या धर्तीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचा तुकडा कापून वेग कमी करतो आणि त्या तुटक विजेनं मोटर गुणगुणते. कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून सोडणाऱ्या डबीवर, चालणारा टप्प्याटप्प्यांचा रेग्युलेटर लावला की आवाज जातो, आणि पंखा उतरवण्याची वेळही येत नाही. ठोका पडत असेल तर पंखा एकवर आणून मोजायचं. एका फेरीला बरोबर एक ठोका येतोय? म्हणजे जे फिरतंय त्यावरच एका जागी काहीतरी आहे. एक पातं वाकलंय, एक स्क्रू ढिला आहे किंवा वरची वाटी एका ठिकाणी घासते आहे. छताच्या हुकाशी कुरकुर असेल तर मात्र वेळ घालवू नये. हुकातलं रबर, दांडीचा बोल्ट आणि त्यातली पिन वायरमनकडून त्याच आठवड्यात तपासून घ्यावी. तो पंखा माणसांच्या डोक्यावर लटकलेला असतो.

एका फेरीला एक ठोका, याच हिशेबावर रेल्वेतही माणसं नेमलेली असतात. मोठ्या स्टेशनात गाडी शिरते तेव्हा प्लॅटफॉर्मच्या टोकाशी रुळांच्या दोन्ही बाजूंना कर्मचारी खाली बसून प्रत्येक डबा बघत आणि ऐकत असतात. ब्रेक धरून चाक घसरलं असेल तर त्याची एक बाजू सपाट होते आणि ती दर फेरीला रुळावर आपटते. ठक्, ठक्, ठक्. तो डबा हेरला जातो. आपण तेव्हा डोक्यावर बॅगा घेऊन दाराशी गर्दी करून असतो आणि खाली उकिडवं बसलेलं ते माणूस आपल्याला दिसतही नाही.

वॉशिंग मशीनमध्ये धुणं चालू असताना, ड्रम सावकाश फिरताना मधूनच 'खुळ्ळ' होतं, ते नाणं, हूक किंवा बटण. पाणी सोडतानाच घरघर आली तर खाली पुढच्या झडपेमागचा पंपाचा फिल्टर उघडून बघावा. आमच्याकडे त्यात एकदा पाच रुपयांचं नाणं, हेअरपिन आणि लेकीच्या पैंजणाचं घुंगरू निघालं होतं. पिळताना मशीन धडधडत पुढे सरकत असेल तर आधी पाय समतल करावेत. मशीन नवी कोरी असेल तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढलेत का ते बघावं. आणि आत एकटी जड चादर किंवा पायपुसणं टाकलंय का, तेही.

पण पिळण्याचा वेग चढत जातो तसतसा घरघराट चढत गेला, आणि रिकामा ड्रम हातानं फिरवला तरी आतून खरखर जाणवली, तर ते बेअरिंग. ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवून बघावी. ड्रम बाहेरच्या टबापासून वेगळा, सैल हलला तर खात्रीच समजा. बेअरिंगच्या पुढे रबरी सील असतं. ते झिजतं, पाणी आत झिरपतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोळ्या गंजतात. सगळं मिळून एक सील आणि दोन बेअरिंगं. आमच्या मशीनचं हेच झालं तेव्हा कंपनीकडून आलेल्या मुलानं दारातूनच आवाज ऐकला आणि सांगितलं, "मॅडम, पूर्ण टब बदलावा लागेल." त्यानं सांगितलेल्या रकमेत अर्धी नवी मशीन आली असती. मी कारण विचारलं. टब दोन अर्धांचा असतो आणि कारखान्यात ते अर्ध वितळवून एकमेकांना जोडलेले असतात. बेअरिंग काढायला वाटच ठेवलेली नाही. मला याचा फार राग आला आणि तो अजून आहे. झिजणारी वस्तू न उघडणाऱ्या डब्यात बंद करून विकणं हा मला ग्राहकावर अन्याय वाटतो. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणं आणि वाहनंही आहेत. पण बंद टबाचा प्रश्न पोर्टलनं सुटत नाही, तो डिझाइनच्या टेबलावर सुटायला हवा.

आमचा टब शेवटी सिडकोतल्या एका मिस्त्रींनी उघडला. अंगणात पोतं अंथरून त्यांनी जोडाच्या शिवणीवरून बारीक पात्याची हॅकसॉ फिरवली. घाई अशी नाहीच, चारी बाजूंनी थोडं थोडं. कापण्याआधीच त्यांनी कडेनं बोल्टांसाठी भोकं पाडून घेतली होती, म्हणजे जोडताना दोन्ही अर्ध हलणार नाहीत. जुनं बेअरिंग निघालं तेव्हा त्यातून तांबूस पाणी गळलं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "फिरवून बघा." अडखळत, खरखरत फिरलं. मग नवं दिलं. ते बोटाच्या टोकानं ढकललं तरी फिरत राहिलं. कडेला सिलिकॉन भरून, बोल्ट कसून टब बंद झाला, आणि मशीन त्यानंतर नीट पिळते आहे.

मिक्सरचं निदान सोपं. भांडं काढून मोटर रिकामी चालवायची. आवाज गेला तर दोष भांड्यात, आणि दुसरं भांडं लावून लगेच खात्री करता येते. भांड्याच्या बुडाचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजला की पातं डगमगतं, खालून ओशट काळं पाणी येतं आणि खोबरं वाटताना कानठळ्या बसतात. मोटर जोरात फिरतेय, कर्रर्र होतंय आणि पातं जागचं हलत नाहीये, असं असेल तर मोटर आणि भांडं जोडणाऱ्या कपलरचे दाते गेलेत. तो भाग चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतो.

फ्रीजचे रात्रीचे आवाज बहुतांशी साधे असतात. नळीतून गॅस जाताना गुळगुळतो. आपोआप बर्फ वितळवताना आतलं प्लॅस्टिक तापतं, पुन्हा गार होतं आणि 'ताड' असं वाजतं. माझ्या सासूबाई या आवाजानं दचकून उठायच्या. त्यांना तो कसला ते समजावल्यावर त्यांची झोप लागू लागली. फ्रीजरमधून खरखर येत असेल तर दार उघडावं. बऱ्याच फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये दार उघडताच आतला पंखा थांबतो, आणि त्याबरोबर आवाजही थांबला तर पंख्याची पाती साचलेल्या बर्फाला लागताहेत. काळजीचा आवाज वेगळा आहे. 'टक्', मग काही सेकंद गुणगुण, परत 'टक्', मग शांतता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय, होत नाहीये, आणि तापल्यामुळे त्याचा संरक्षक स्विच त्याची वीज तोडतोय. कधी बिचारा व्होल्टेजच कमी असतो, कधी त्याला सुरू करणारा रिले नावाचा स्विच गेलेला असतो. या दोन्हींत कॉम्प्रेसर वाचू शकतो, म्हणून तेव्हा प्लग काढावा आणि माणूस बोलवावा.

तीच गोष्ट पाण्याच्या पंपाची. गुणगुणतोय पण फिरत नाहीये, म्हणजे कपॅसिटर गेलाय किंवा पंप गंजून जाम झालाय. सुट्टीत गावाला जाऊन आल्यावर हे नेमकं होतं. अशा वेळी "होईल सुरू" म्हणून बटण दाबून धरलं तर मोटरमधली तारेची गुंडाळी काही मिनिटांत जळते. आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर पंपातून वाळू-खडे भरडल्यासारखा आवाज येतो, तेव्हा आत खडे शोधू नयेत. पंपाला पुरेसं पाणी खेचता येत नाही, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना इम्पेलरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाचा, धातू खरोखर टवका-टवका उडवतात. पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हची जाळी साफ आहे का आणि पाणी आहे का, हे बघणं एवढाच त्याचा इलाज.

मिस्त्री दारात आले की आवाज बंद होतो, असं सगळेच म्हणतात. त्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, पण मधलाच तुकडा नको. बटण दाबण्याच्या आधीपासून सुरुवात करावी आणि यंत्र पूर्ण थांबेपर्यंत चालू ठेवावा. सुरू होताना आणि थांबताना यंत्र वेगाच्या सगळ्या पायऱ्यांवरून जातं आणि जाणकाराला त्या चढ-उतारातच निम्मं कळतं. मायक्रोवेव्हचा आवाज आला तर मात्र फक्त व्हिडिओच काढावा. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा विजेचा दाब शिल्लक असू शकतो. त्याचं झाकण घरी उघडायचं नाही.

हे सगळं ज्यांच्या कानांवर चालतं त्या माणसांबद्दल बोलायलाच हवं. अण्णांना निवृत्तीच्या आधीपासूनच कमी ऐकू येऊ लागलं होतं. मोठ्या आवाजात वर्षं काढली की कान आधी 4000 हर्ट्‌झच्या आसपास जातो. माणसाला बोलणं ऐकू येतं पण स, श, फ निसटतात, म्हणून "काय?" "काय?" सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं की लक्ष नाही. बेल्टची चिवचिव, बेअरिंगची पहिली किरकिर हीही त्या वरच्याच पट्टीत. म्हणजे ज्या कानानं यंत्राचं दुखणं ओळखायचं, त्याचा नेमका तोच भाग कारखाना खाऊन टाकतो. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही मर्यादा तज्ज्ञ सांगतात, आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ती 90 आहे, आणि दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. रस्त्यावरच्या गॅरेजात तर मोजायलाही कोणी येत नाही. अँगल ग्राइंडर, हवेची गन, पत्र्यावरची हातोडी, आणि शेजारी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा उघड्या कानांनी उभा.

आजही आमच्या घरात पंखा कुरकुरला की अण्णा उठतात. ऐकू येत नाही म्हणून भिंतीवर, पाइपावर, मशीनच्या कडेवर तळहात ठेवतात आणि हातानं वाचतात. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर येतं.

अंबडच्या मिस्त्रींकडच्या मुलासाठी मी गेल्या खेपेला फोमचे इअरप्लग नेले. केमिस्टकडे थोड्या रुपयांत जोडी मिळते. मिस्त्री आधी म्हणाले, "ताई, कान बंद केले तर हा शिकणार कसा?" प्रश्न रास्त होता. मग त्यांनीच नियम घालून दिला. ग्राइंडर आणि गन चालू असेल तेव्हा प्लग कानात, आणि निदानासाठी गाडी सुरू केली की खिशात. स्वतःसाठीही त्यांनी एक जोडी मागून घेतली.